सोमाला दिलेला शब्द

आई गेली तेव्हा प्रभावती बारा वर्षांची होती आणि तिचा भाऊ सोमा तीन. वडील रेल्वेत गँगमन, भुसावळहून बदली होऊन सुरतेजवळच्या उधन्याला आलेले. ते पहाटे रुळांवर गेले की दिवसभर घरात ही दोघंच. प्रभावतीने सोमाला कडेवर घेऊन नळावर पाणी भरलं, मांडीवर निजवून भाजी चिरली, आणि तिची शाळा सुटली ती सुटलीच. सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं. मूल होत नाही म्हणून सहा वर्षांनी नवऱ्याने तिला ट्रंकेसकट परत आणून सोडलं. शेजारणी दारात जमल्या, वडील खाली मान घालून बसले. चौदा वर्षांचा सोमा मात्र ट्रंक उचलून आत घेऊन गेला आणि म्हणाला, "बरं झालं ताई. आता तू इथंच राह्य." तिला त्या दिवशी तेवढाच काय तो आधार मिळाला.

पुढे तिला सुरतेच्या एका सरकारी इस्पितळात नोकरी लागली. पहिली दोन वर्षं फरशा पुसल्या. मग तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत एक बाई कमी पडली म्हणून तिला तिकडे पाठवलं, आणि ती तिथलीच झाली. काचेच्या चपट्या बशा धुवायच्या, वाफेवर निर्जंतुक करायच्या, त्यांत ओतायची खळ शिजवायची, हे तिचं काम. तिथे त्या बशांना प्लेट म्हणत. खळ जेलीसारखी थिजली की रोग्याच्या अंगातले जंतू तीवर पसरायचे, वरून औषधांच्या बटणाएवढ्या कागदी चकत्या ठेवायच्या आणि प्लेट उबेच्या कपाटात ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी जे औषध लागू पडतं त्याच्या चकतीभोवती स्वच्छ गोल दिसायचा, कारण तिथले जंतू मेलेले असत. जे लागू पडत नाही त्याच्या चकतीला अगदी चिकटून जंतूंची साय धरलेली असायची.

तिथले डॉक्टर हितेश तिच्यापेक्षा लहान, नवसारीकडचे गुजराती. ते तिला प्रभाबेन म्हणत. तिची नजर बारीक आहे हे त्यांनी ओळखलं आणि पट्टी घेऊन गोल मोजायला शिकवलं. चौऱ्याण्णवच्या प्लेगात अर्धं शहर खानदेशच्या गाड्यांना लटकून पळालं, तेव्हा ही दोघं जागची हलली नव्हती. त्या दिवसांत सुरतेतली माणसं टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल फुटाण्यांसारख्या खात होती. औषधाचं ते नाव तेव्हापासून तिच्या तोंडात बसलं.

वडील वारल्यावर तिने भेस्तानला खोली घेतली होती. सोमा तिथल्याच एका लूमच्या कारखान्यात लागला. पण मागांच्या खडखडाटाने त्याचा एक कान गेला, आणि डॉक्टरने सांगितलं की हे काम सोडा नाहीतर दुसराही जाईल. तेव्हा कडोदऱ्याच्या पुढे एका शेठच्या कोंबड्यांच्या शेडवर त्याला राखणीचं काम मिळालं. शेडला लागूनच एक खोली. तिथे तो बायकोला, छायाला, घेऊन गेला, आणि पंच्याण्णवच्या जानेवारीत त्यांना मुलगी झाली. साक्षी.

साक्षी झाल्यापासून प्रभावतीच्या आठवड्याला एकच दिवस उरला, तो म्हणजे रविवार. सकाळी आंघोळ करून ती निघायची, पर्वत पाटियाला रिक्षा बदलायची, आणि कडोदऱ्याला उतरून उरलेली वाट पायी तुडवायची. पोर चालायला लागल्यावर तिला लांबून बघून "फुई, फुई" करत आत्याकडे धावत यायची. हजारो पांढऱ्या कोंबड्यांचा कलकलाट, भुश्याचा वास, आणि त्यातून धावत येणारं ते एवढंसं पोर. प्रभावती तिला उचलायची आणि दिवसभर खाली ठेवायची नाही. छाया हसून म्हणायची, "ताई, तुमच्या कडेवर बसून बसून हिचे पाय वाकडे होतील."

अशाच एका रविवारी तिने सोमाला पिंपात काहीतरी ढवळताना पाहिलं.

"हे काय रे?"

"शेठचं औषध. पिवळी पावडर. रोज कोंबड्यांच्या पाण्यात टाकायची."

"कोंबड्या आजारी आहेत?"

"नाही ना. आजारी पडू नये म्हणून तर टाकतो. वजन पण लवकर धरतात."

तिने पुडकं हातात घेऊन पाहिलं. प्लेगातल्या कॅप्सूलचंच नाव होतं, थोडं लांबवलेलं. तिला जरा नवल वाटलं, पण तेवढंच. मग साक्षीने तिचा पदर ओढला आणि ती ते विसरून गेली.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात साक्षीला ताप भरला. जुलाब लागले, त्यात रक्त पडू लागलं. कडोदऱ्याच्या डॉक्टरने तीन दिवस औषध दिलं, मग ते बदलून दुसरं दिलं. पाचव्या दिवशी सोमा तिला खांद्यावर टाकून इस्पितळात आला तेव्हा पोर डोळे उघडत नव्हतं. प्रभावतीने तिच्या तपासणीची प्लेट स्वतःच्या हाताने तयार केली. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटातून ती बाहेर काढली आणि उजेडाकडे धरली. आठ चकत्या होत्या. सात चकत्यांना जंतूंची साय चिकटलेली. एकाच चकतीभोवती, खालच्या अंगाला, गोल पडला होता.

ती पट्टी न घेताच डॉक्टर हितेशकडे धावली. त्यांनी प्लेट पाहिली आणि वरच्या मजल्यावर निरोप पाठवला, की चालू औषधं बंद करा, हे एक इंजेक्शन सुरू करा. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी साक्षीने डोळे उघडून आत्याकडे पाहिलं आणि पाणी मागितलं. प्रभावतीने पेला तिच्या ओठांना लावला, आणि मग जिन्यात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

"प्रभाबेन," डॉक्टरांनी तिला विचारलं, "या मुलीला आधी खूप औषधं दिली होती का?"

"नाही हो. ही तर पहिल्यांदाच आजारी पडली."

"मग हे जंतू इतकी औषधं पचवायला शिकले कुठे?"

तेव्हा तिला ते पिंप आठवलं. तिने पावडरीचं सांगितलं. डॉक्टर खुर्चीत सरळ बसले. "रोज थोडं थोडं औषध पोटात गेलं की नाजूक जंतू मरतात आणि दांडगे तेवढे उरतात," ते म्हणाले. "मग त्यांचीच पैदास होते. एका औषधाला दाद न देणारे जंतू पुष्कळदा दुसऱ्यालाही देत नाहीत. कोंबडीला त्याचं काही होत नाही. पण ते तिच्या विष्ठेतून पाण्यात जातात, माणसाच्या हातावर येतात, कापलेल्या मांसावर बसतात. तिथली विष्ठा तपासायला मिळेल?"

पुढच्या रविवारी ती दोन निर्जंतुक बाटल्या घेऊन शेडवर गेली. सोमा आधी हसला. मग शेडच्या दाराकडे पाहून त्याने आवाज खाली आणला.

"नेतेस तर ने. पण कुठून आणली हे कुणाला सांगू नको ताई. शेठला कळलं तर तो उभ्या उभ्या बाहेर काढेल. एका कानाच्या माणसाला दुसरं काम कोण देणार?"

"नाही सांगत."

"शब्द दे."

"दिला," ती म्हणाली.

कोंबड्यांची प्लेट साक्षीच्या प्लेटची सख्खी बहीण निघाली. तेच जंतू, त्याच सात रिकाम्या चकत्या, तोच एक गोल. डॉक्टरांनी दोन्ही प्लेटा शेजारी ठेवून पुन्हा पुन्हा पाहिल्या. शेड कुणाची हे त्यांनी विचारलं. प्रभावतीने ओळखीच्या एका माणसाची म्हणून वेळ मारून नेली. सोमाला मात्र तिने बजावलं, पोरीला शेडमध्ये नेऊ नको, साबणाने हात धुतल्याशिवाय तिला घेऊ नको, तिथल्या चपला घरात आणू नको, पाणी उकळून दे. सोमा हो हो म्हणाला. पण शेड आणि खोली यांच्यामध्ये एक भिंत तेवढी होती. चपला कुठे काढणार आणि पाणी कशावर उकळणार?

दीड महिना गेला. जुलैत बालरोग वॉर्डातून एका सात महिन्यांच्या मुलाची तपासणी खाली आली. वरची बाई म्हणाली, बाप तुमच्याकडचाच आहे, त्याच्याशी मराठीत बोला. प्रभावती वर गेली. निंबा नावाचा माणूस, पारोळ्याकडचा, व्हरांड्यात उकिडवा बसला होता. पर्वत पाटियाला त्याचं कोंबडीचं छोटं दुकान होतं. दुकानाच्या मागेच घर.

"माल कुठून आणता?" तिने विचारलं.

"कडोदराथून. सोमाभाऊकडून. तुम्ही वळखता का त्यासनी?"

प्रभावतीने खाली येऊन प्लेट लावली, पण सोमाला दिलेल्या शब्दापायी डॉक्टरांना काही सांगितलं नाही. प्लेट उबेच्या कपाटात होती तोवरच ते मूल गेलं. सकाळी तिने प्लेट काढली. सात रिकाम्या, एक गोल. निंबा मुलाला दुपट्यात गुंडाळून जिना उतरत होता, मागून त्याची बायको कठड्याला धरत धरत. प्रभावती प्लेट हातात घेऊन दारात उभी होती. त्या एका गोलाचं औषध वरच्या मजल्यावरच्या कपाटात पडून होतं. ही शेड कुठली हे डॉक्टरांना आधी ठाऊक असतं, तर कोंबडीवाल्याचं मूल, कडोदऱ्याचा माल, एवढं ऐकून त्यांनी प्लेटची वाट न पाहता पहिल्याच दिवशी ते सुरू केलं असतं.

ती आत गेली आणि डॉक्टर हितेशना म्हणाली, "साहेब, ती शेड माझ्या भावाच्या राखणीतली आहे." आणि तिने पत्ता सांगितला.

डॉक्टरांनी जनावरांच्या खात्याला पत्र लिहिलं. सोमाचं नाव त्यात नव्हतं, पण ते असायची गरजही नव्हती. एक साहेब शेडवर गेला, शेठबरोबर चहा प्याला, औषध नियमातच आहे म्हणून लिहून परत आला. शेठने मात्र हिशोब बरोबर जुळवला. शेडमधली गोष्ट इस्पितळात पोचवणारा दुसरा कोण असणार? त्याच दिवशी सोमाचं बिऱ्हाड रस्त्यावर आलं.

संध्याकाळी तो भेस्तानला आला. छाया आणि साक्षी रिक्षातच बसून होत्या.

"तू सांगितलंस?" त्याने दारातूनच विचारलं.

"हो."

"शब्द दिला होतास."

"दिला होता."

"मग का?"

प्रभावतीच्या ओठांवर निंबाचं नाव आलं होतं. पण सोमाच्या हातांकडे तिचं लक्ष गेलं. याच हातांनी तो पावडर ढवळायचा, कोंबड्या धरून निंबाच्या टोपलीत भरायचा. हे त्याला सांगितलं तर उरलेलं सगळं आयुष्य तो आपल्या हातांकडे बघत बसेल. तिने नाव गिळून टाकलं.

"साहेबांनी विचारलं, मी सांगितलं," ती म्हणाली.

"साहेबाची शाबासकी पाहिजे होती तुला. त्यासाठी भाऊ विकलास." त्याचा आवाज चढला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. "आई म्हणून बघत आलो मी तुला. आता समज, सोमा मेला."

रिक्षातून साक्षीने "फुई" म्हणून हात पुढे केले. छायाने ते हळूच खाली घेतले. रिक्षा वळून गेली.

ते कुठे गेले हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी वापीला म्हणालं, कुणी भरूचला. प्रभावतीने भुसावळच्या नातेवाइकांना पत्रं टाकली. उत्तरं आली ती त्यांच्या त्यांच्या बातम्यांची. रविवारी सकाळी जाग आली की तिचे पाय आपोआप तयारीला लागायचे. ती वेणी घालायची, पिशवी घ्यायची, आणि दाराशी आल्यावर थांबायची. एकदा तर ती पर्वत पाटियापर्यंत जाऊन पोचली, रिक्षावाल्याने "कडोदरा, कडोदरा" ओरडत तिच्यासाठी जागा केली, आणि मग ती शरमून मागे फिरली. कानावर कुणाच्याही पोराचं "फोई" पडलं की ती वळून पाहायची. सुरतेत गुजराती पोरं आत्याला फोईच म्हणतात, त्यामुळे तिला दिवसातून कितीदा तरी वळावं लागायचं.

दर चौदा एप्रिलला, भीमजयंतीला, ती साक्षीसाठी एक फ्रॉक शिवायची. माप कुठून आणणार? शेजारच्या सुकदेव पेंटरची दिपाली साक्षीच्याच वयाची होती, तिला उभी करून ती माप घ्यायची. दिपाली विचारायची, "माझ्यासाठी का?" मग प्रभावती उरलेल्या कापडाची तिला बाहुली करून द्यायची. फ्रॉक घडी घालून ट्रंकेत जायचा. ही अशी मुलगी तिच्या मनात वर्षावर्षाने वाढत होती, आणि तिचा चेहरा मात्र अडीच वर्षांचाच राहिला होता.

प्रयोगशाळेत काम चालूच होतं. डॉक्टर हितेश आता प्रत्येक जुलाबाच्या पोराच्या कागदावर एक ओळ जास्त लिहायला लावत, घर कुठे, घरात किंवा जवळ कोंबड्या आहेत का. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी तशाच प्लेटा आणखी चार वेळा आल्या. त्या चारही पोरांना इंजेक्शन पहिल्याच दिवशी मिळालं होतं, आणि चारही चालत घरी गेली. डॉक्टर एकदा म्हणाले, "प्रभाबेन, ही तुमच्यामुळे वाचली." तिने मान हलवली आणि बशा धुवायला घेतल्या. ते खरं होतं, हे तिला कळत होतं. पण त्याने रविवार भरत नव्हता.

नव्व्याण्णवच्या डिसेंबरात पोस्टकार्ड आलं. छायाचं अक्षर. 'ताईंना जयभीम. आम्ही नवापूरला आहोत. साक्षीला बालवाडीत घातली आहे. तुम्ही या.' खाली पत्ता. एवढंच.

प्रभावतीने रजा टाकली आणि उधन्याहून भुसावळ पॅसेंजर धरली. पिशवीत दोन्ही फ्रॉक होते. गाडी प्रत्येक ठेसनावर थांबत होती आणि ती मनात प्रत्येक ठेसनाशी भांडत होती.

नवापूरबाहेर सोमा पुन्हा कोंबड्यांच्याच शेडवर होता. दुसरं काय काम येत होतं त्याला? पण शेड रस्त्याच्या एका बाजूला होती आणि घर पलीकडे, चांगलं शंभर पावलांवर. अंगणाच्या बाहेर एक फळी, फळीवर शेडच्या चपला आणि कामाचे कपडे. शेजारी पाण्याची बादली आणि साबणाची वडी. चुलीवर मोठ्या पातेल्यात पाणी उकळत होतं. प्रभावती ते सगळं बघत अंगणात उभी राहिली. सत्त्याण्णव साली तिने जे जे बजावलं होतं, ते ते तिथे होतं.

एक मुलगी दारातून बाहेर आली. उंच झालेली, दोन वेण्या घातलेली. तिने पाहुणीकडे पाहिलं आणि आत वळून ओरडली, "आई, कुणी बाई आली." तेवढं ऐकल्यावर प्रभावतीला पिशवी खाली ठेवावी लागली.

छायाने तिला आत नेलं, पाणी दिलं, मुलीला सांगितलं की ही तुझी फुई. साक्षी लांबूनच बघत राहिली. पहिला फ्रॉक तिला होईना, दुसरा जेमतेम बसला. तो घालून ती शेजारी दाखवायला पळाली.

दुपारी सोमा आला. त्याने फळीजवळ कपडे बदलले, कोपरापर्यंत हात धुतले, मग वर पाहिलं. त्याचे केस पुढून पांढरे झाले होते.

"कार्ड मीच लिहायला लावलं," तो म्हणाला. मग बसला, बहिणीच्या बाजूला चांगला कान करून. "गेल्या महिन्यात निंबा भेटला. नंदुरबारच्या बाजारात."

प्रभावतीने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मी विचारलं, पोरगं केवढं झालं? तर तो माझ्याकडे बघू राहिला." सोमाने हात गुडघ्यांवर पालथे ठेवले. "त्यानेच सांगितलं, इस्पितळातल्या एका मराठी बाईने माल कुठला ते विचारलं होतं. तारीख मोजली मी. तू का नाही सांगितलंस तेव्हा?"

"काय सांगू? तुझ्या हातच्या कोंबड्या होत्या म्हणून?"

"माझ्या शिव्या खाल्ल्यास."

"तुझ्याच खाल्ल्या. परक्याच्या थोड्या खाल्ल्या?"

त्याने रस्त्यापलीकडच्या शेडकडे हात केला. मग म्हणाला, "इथं पण तीच पावडर आहे ताई. शेठ दुसरा, पावडर तीच. मी टाकली नाही तर दुसरा कुणी टाकेल. घर तेवढं लांब घेतलं."

"चांगलं केलंस."

"चांगलं नाही केलं. जमेल तेवढं केलं."

त्याच्या हातावर तिने हात ठेवला. साबणाने धुऊन धुऊन त्याची कातडी भेगाळली होती.

"सुरतेला ये," ती म्हणाली. "पोरीला तिथं शाळेत घालू."

"बघू," सोमा म्हणाला. तिला कळलं की तो येणार नाही. एका कानाचा माणूस एकदा बसलेली घडी दुसऱ्यांदा मोडत नसतो. तीही आपली प्रयोगशाळा सोडून इथे येणार नव्हती. सुरत आणि नवापूर यांच्यामध्ये इतकी ठेसनं आता कायमची राहणार होती.

जेवण झाल्यावर साक्षी नवा फ्रॉक मळवून परत आली. काही वेळ आईच्या मागे उभी राहिली. मग कशी कोण जाणे, पाहुणीच्या मांडीला टेकून बसली, स्वतःच्या पायातल्या पैंजणाशी खेळली, आणि खेळता खेळता तिथेच मांडीवर आडवी होऊन झोपली. तोंड किंचित उघडं, कपाळावर घाम.

छाया हळूच म्हणाली, "ताई, चारची गाडी आहे तुमची. उचलू का तिला?"

"राहू दे," प्रभावती म्हणाली.

गाडीची शिट्टी तिला तिथे बसूनच ऐकू आली. पाय बधिर झाला होता, तरी तिने तो हलवला नाही.